तारा फाटला, हे कशावरून?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कृष्णविवर ताऱ्याच्या चिंध्या करतं, त्याची भोवऱ्यासारखी चित्रं सगळीकडे दिसतात. ते दृश्य दुर्बिणीतून खरंच दिसतं का? दिसत नसेल, तर तिथे साधा सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट) झाला नसून ताराच फाटला, हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता? आणि माझ्याकडे लहान दुर्बीण आणि कॅमेरा आहे, त्याचा या कामात काही उपयोग आहे का?

चित्रांपासून सुरुवात करतो. ती चित्रकारांनी काढलेली असतात. तारा फाटताना आजवर कोणीही पाहिलेला नाही. हिशेब करून बघा. सूर्यासारखा तारा दहा लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवरापासून साधारण सात कोटी किलोमीटरवर फाटतो. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराच्या हे निम्मंही नाही. आणि ज्या घटना आम्ही खगोलशास्त्रज्ञ ‘जवळच्या’ म्हणतो, त्याही पंधरा-वीस कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडच्या असतात. जमिनीवरच्या दुर्बिणीला वातावरणामुळे फार तर एक आर्कसेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) आसपासची तीक्ष्णता मिळते, आणि तेवढ्या अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे हजारभर प्रकाशवर्षं. सगळं नाट्य त्या एका ठिपक्याच्या पोटात घडतं. आम्हाला दिसतं ते इतकंच, की दीर्घिकेच्या मध्यावरचा ठिपका गेल्या आठवड्यापेक्षा थोडा उजळ झाला आहे. बाकी सगळं अनुमान. पण अनुमान म्हणजे अंदाजपंचे नव्हे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

तारा फाटतो तो भरती-ओहोटीच्याच बळाने. पृथ्वीची चंद्राकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी, आणि त्या फरकामुळे समुद्राला भरती येते. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे अंतर निम्मं झालं की बळ आठपट. तारा कृष्णविवराच्या जवळ जात राहिला की एका टप्प्यावर हा ताण त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाला भारी पडतो आणि ताऱ्याला स्वतःला बांधून ठेवता येत नाही. १९७५ मध्ये जॅक हिल्स यांनी या शक्यतेवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवरं असतात हेसुद्धा सर्वमान्य नव्हतं.

इथे एक गंमत आहे, ती ऐकून बहुतेक लोक चमकतात. कृष्णविवर जितकं मोठं तितका तमाशा मोठा, असं वाटतं ना? उलटं आहे. घटना-क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती हद्द, वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढतं, पण फाटण्याची सीमा वस्तुमानाच्या घनमुळाप्रमाणे, म्हणजे फार हळू. दहा लाख सूर्यांच्या कृष्णविवराचं क्षितिज तीस लाख किलोमीटरवर आणि फाटण्याची सीमा सात कोटींवर. मध्ये भरपूर मोकळी जागा, जे काही होईल ते उघड्यावर. दहा कोटी सूर्यांचं कृष्णविवर घ्या: क्षितिज तीस कोटी किलोमीटर आणि सीमा बत्तीस कोटी. जवळजवळ गाठच पडली. त्याहून मोठ्या कृष्णविवरात सूर्यासारखा तारा फाटण्याआधीच आत जातो, निमूटपणे, बाहेर काही कळतही नाही. एम-८७ दीर्घिकेतलं ते प्रसिद्ध कृष्णविवर साडेसहाशे कोटी सूर्यांचं आहे. ते आपल्या सूर्यासारखे तारे अख्खे गिळतं. म्हणून आमचं सावज म्हणजे मध्यम आकाराच्या, एरवी शांत दीर्घिकांमधली लाख ते कोटी सूर्यांची कृष्णविवरं. ती एरवी दिसत नाहीत, त्यांचं वजन करायला दुसरं साधन क्वचितच मिळतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं मोल तेच आहे.

आपल्या आकाशगंगेतलं कृष्णविवर ४३ लाख सूर्यांचं, म्हणजे अगदी सोयीच्या मापाचं. पण मे २०१८ मध्ये एस-२ नावाचा तारा त्याच्या सर्वांत जवळ आला तेव्हाही तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या १२० पट दूर होता. फाटायला त्याला अजून कित्येक पटींनी आत शिरावं लागलं असतं. एका दीर्घिकेत अशी घटना दहा हजार ते लाखभर वर्षांतून एकदा घडते, म्हणून आपल्या घरच्या कृष्णविवराकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. लाखो दीर्घिकांवर एकाच वेळी नजर ठेवायची, एवढाच मार्ग उरतो.

फाटल्यानंतर काय होतं याचा आराखडा मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये मांडला, आणि आम्ही अजून त्याच्याच आधारे बोलतो. ताऱ्याचा साधारण अर्धा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने कायमचा बाहेर फेकला जातो. उरलेला अर्धा कृष्णविवराला बांधला जातो आणि लांबट कक्षांतून परत येतो. आधी सर्वांत घट्ट बांधलेला भाग येतो, सूर्य आणि दहा लाखांचं कृष्णविवर धरलं तर सुमारे चाळीस दिवसांनी, आणि मग सैल बांधलेला, उशिरा उशिरा. त्यामुळे परतीचा ओघ एका ठरावीक चालीने आटत जातो: काळ आठपट झाला की ओघ बत्तिसावा भाग. ही घसरण प्रकाशात दिसली की सुरुवातीच्या काळात लोक उड्या मारत. आता मारत नाहीत. बऱ्याच घटना या चालीने जातात, बऱ्याच जात नाहीत, आणि दुसऱ्या काही घटनाही तिची नक्कल करू शकतात. एवढ्यावरून कोणी तारा फाटल्याचं जाहीर केलं तर मी पुढचं वाचत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पालोमार पर्वतावरच्या ४८ इंची दुर्बिणीवर २०१८ पासून झेडटीएफ हे सर्वेक्षण चालतं. एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश, म्हणजे दोनशेहून अधिक पूर्णचंद्र मावतील इतकं. प्रत्येक नव्या प्रतिमेतून त्याच जागेची जुनी प्रतिमा वजा करतात. काही बदललं नसेल तर उरतं शून्य. काही उरलंच, तर संगणक ॲलर्ट काढतो. एका रात्रीत असे ॲलर्ट लाखांनी निघतात: लघुग्रह, रूपविकारी (उजेड बदलत राहणारे) तारे, सुपरनोव्हा आणि ढिगाने कचरा. दीर्घिकेचं केंद्र ही वजाबाकीसाठी सर्वांत वाईट जागा. तिथे आधीच भरपूर उजेड असतो. दोन प्रतिमा केसभर सरकल्या तरी वजाबाकीत अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा जोडठिपका उरतो आणि नवशिक्याला वाटतं, काहीतरी सापडलं. सुपरनोव्हा शोधणारे तर वर्षानुवर्षं केंद्रातले ठिपके बाजूलाच टाकत. त्यांना तो त्रास होता. त्या टाकाऊ ढिगातच आमचा माल पडलेला होता.

सुरुवात मात्र दृश्य प्रकाशात झाली नाही. १९९० मध्ये सोडलेल्या रोसॅट उपग्रहाने साऱ्या आकाशाची क्ष-किरणांत पाहणी केली. त्यात एनजीसी ५९०५ सारख्या काही शांत दीर्घिका अचानक झळाळलेल्या आढळल्या आणि पुढच्या वर्षांत विझल्या. मग गॅलेक्स उपग्रहाने अतिनील प्रकाशात काही पकडल्या. दृश्य प्रकाशातली, वर चढताना आणि उतरताना नीट मोजलेली पीएस१-१०जेएच ही घटना २०१२ साली प्रसिद्ध झाली, तिथून या विषयाने वेग घेतला. आज अशा घटनांची संख्या शंभराच्या वर आहे.

पहिली चाळणी जागेची. ठिपका दीर्घिकेच्या बरोबर मध्यावर हवा. ‘बरोबर’ म्हणजे पाव-अर्ध्या आर्कसेकंदाच्या आत. हे आवश्यक आहे, पुरेसं नाही, कारण हजार प्रकाशवर्षांच्या त्या गर्दीत सुपरनोव्हाही होतातच.

दुसरी चाळणी रंगाची, आणि माझा सर्वाधिक भरवसा हिच्यावर. सुपरनोव्हा हा फुगत जाणारा गोळा आहे. फुगला की थंड होतो, थंड झाला की लाल होतो. काही आठवड्यांत निळ्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस. फाटलेल्या ताऱ्याचा भडका महिनोन् महिने निळाच राहतो. तापमान वीस-तीस हजार अंशांवर टिकून असतं आणि उजेड मात्र उतरत जातो. कधी कधी तर उतरताना तो किंचित जास्तच तापतो. म्हणून संशयित सापडला की आम्ही स्विफ्ट उपग्रहाकडे विनंती पाठवतो. तो काही तासांत तिकडे वळू शकतो आणि अतिनील प्रकाश व क्ष-किरण दोन्ही एकाच वेळी मोजतो. हा उपग्रह २००४ मध्ये गॅमा-किरणांच्या स्फोटांसाठी सोडला होता, पण आमच्या विषयाने त्याच्या जिवावर जेवढं खाल्लं तेवढं कोणी खाल्लं नसेल. अतिनील प्रकाशात सुपरनोव्हा लवकर अंधारतो, कारण त्यातले लोहासारखे धातू तो प्रकाश अडवतात. आमचा पाहुणा तिथेच सर्वांत तेजस्वी असतो.

यातही फसायला होतं. एकदा एका दीर्घिकेच्या मध्यावर सुरेख निळा ठिपका उगवला. दीर्घिका शांत, आधीच्या नोंदींत काही नाही. मी घाईने उपग्रहाचा वेळ मागितला, मोठ्या दुर्बिणीवरच्या सहकाऱ्याला रात्री उठवून वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार फोड, घ्यायला लावला. वर्णपट निळा आणि सपाट, एकाही मूलद्रव्याची रेषा नाही. आम्ही खूश. तीन आठवड्यांनी तोच ठिपका पिवळा पडला आणि वर्णपटात फुगत्या वायूची ओळखीची खूण दिसायला लागली: हायड्रोजनची रेषा, तिच्या निळ्या अंगाला खळगा. साधा, मोठ्या ताऱ्याचा सुपरनोव्हा, फक्त आम्ही तो जन्मल्या-जन्मल्या पकडला होता. त्या वयात तोही तापलेला आणि निळाच असतो. ठिपक्याची जागा नंतर पुन्हा मोजली तेव्हा तो केंद्रापासून थोडा बाजूला निघाला, हे वेगळंच. आता मी निदान दोन आठवड्यांचे रंग हातात असल्याशिवाय कोणाची झोपमोड करत नाही.

वर्णपटाचं सांगायचं तर, फाटलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटात निळ्या पार्श्वभूमीवर हायड्रोजन आणि हेलियमच्या रेषा दिसतात, आणि त्या प्रचंड रुंद असतात. सेकंदाला दहा हजार किलोमीटर या कोटीतल्या वेगांनी वायू इकडे-तिकडे धावत असल्याखेरीज इतकी रुंदी येत नाही. कुठे नुसता हायड्रोजन, कुठे दोन्ही, कुठे नुसता हेलियम. पीएस१-१०जेएचमध्ये हेलियम होता आणि हायड्रोजनचा पत्ता नव्हता. तेव्हा असं सुचवलं गेलं, की तो तांबड्या राक्षसी ताऱ्याचा आधीच सोललेला गाभा असावा. नंतरच्या गणितांनी दाखवलं की वायू पुरेसा दाट आणि तापलेला असेल तर हायड्रोजन असूनही त्याची रेषा दबून जाऊ शकते. म्हणजे रेषा दिसली नाही म्हणून मूलद्रव्य नाही, असं म्हणण्याची सोय नाही. काही वर्णपटांत नायट्रोजनच्या रेषाही मिळतात आणि त्या मला फार आवडतात. त्या आपोआप उजळत नाहीत. हेलियमने सोडलेला तीव्र अतिनील प्रकाश ऑक्सिजन गिळतो, तिथून ऊर्जा नायट्रोजनकडे जाते आणि मग ती आपल्याला दिसेल अशा रंगात बाहेर पडते. जो प्रकाश आपल्यापर्यंत पोचूच शकत नाही, तो आत आहे, याची ही साक्ष.

तिसरी चाळणी सर्वांत कटकटीची: हे आधीपासूनच खात असलेलं कृष्णविवर तर नाही? अनेक दीर्घिकांच्या केंद्रात वायू सतत पडत असतो आणि त्यांचा उजेड विनाकारण कमी-जास्त होतो. म्हणून आधीच्या दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी उपसाव्या लागतात. ठिपका पूर्वी लुकलुकला होता का, अवरक्त प्रकाशात तापलेल्या धुळीचा रंग होता का, जुन्या वर्णपटात सक्रिय केंद्राच्या खुणा होत्या का. क्ष-किरणांचाही उपयोग होतो. नेहमी खाणाऱ्यांचे क्ष-किरण कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे असतात. फाटलेल्या ताऱ्याचे बहुतेक वेळा अगदी मऊ, पाच-दहा लाख अंशांच्या वायूतून येतात तसे. या चाळणीबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती आमच्याच लोकांविरुद्ध आहे. सक्रिय केंद्रांतही तारे फाटत असणारच, कदाचित जास्तच. पण ते आम्ही खात्रीच्या नावाखाली फेकून देतो आणि मग निष्कर्ष काढतो, की तारे शांत दीर्घिकांमध्ये फाटतात.

शांत दीर्घिकांमध्येही एक विचित्र पक्षपात आहे, तो मात्र खरा वाटतो. ज्यांत एकेकाळी ताऱ्यांचा जन्म जोमात झाला आणि मग अचानक थांबला, अशा मूठभर दीर्घिकांच्या वाट्याला या घटना कितीतरी जास्त येतात. २०१४ मध्ये हे प्रथम लक्षात आलं. कदाचित दोन दीर्घिकांच्या टकरीत तारे केंद्राभोवती दाटीने जमले असतील, किंवा तिथे कृष्णविवरांची जोडी असेल जी ताऱ्यांच्या कक्षा विस्कटते. अजून निकाल लागलेला नाही.

इथवर आलं की समजा खात्री पटली: तारा फाटला. मग तो उजेड नक्की कुठून येतो? हा प्रश्न साधा वाटतो, पण पंधरा वर्षं आम्हाला छळतो आहे. तापमान आणि तेज यांवरून उजळणाऱ्या पृष्ठभागाचा आकार काढता येतो. तो फाटण्याच्या सीमेच्या दहापट ते शंभरपट निघतो. परत आलेला वायू कृष्णविवराभोवती आटोपशीर चकती करून बसला असता, तर ती लाखो अंश तापली असती आणि उजेड क्ष-किरणांत आला असता. मग हे वीस-तीस हजार अंशांचं विस्तीर्ण काय आहे? एक पक्ष म्हणतो, वायूचा परतणारा प्रवाह सापेक्षतेमुळे कक्षा वळल्याने स्वतःवरच आदळतो आणि त्या धडकेचा हा उजेड. दुसरा म्हणतो, चकती लवकरच तयार होते, पण तिच्याभोवती वायूचा जाड पडदा असतो. तो क्ष-किरण गिळून मवाळ प्रकाश बाहेर सोडतो. वरून पाहणाऱ्याला क्ष-किरण दिसतील, बाजूने पाहणाऱ्याला पडदा. माझा कल दुसरीकडे आहे, पण सुरुवातीच्या दिवसांत धडकेचा वाटा असणार असंही वाटतं. असॅसिन-१४एलआय ही २०१४ मधली, २९ कोटी प्रकाशवर्षांवरची घटना या वादात सारखी उद्धृत होते, कारण तिने सगळंच दाखवलं: दृश्य प्रकाश, अतिनील, मऊ क्ष-किरण, रेडिओ. तिच्या क्ष-किरणांत दर १३१ सेकंदांनी येणारी लय सापडली. इतकी जलद लय कृष्णविवराच्या अगदी काठावरूनच येऊ शकते. त्यावरून ते स्वतःभोवती निदान प्रकाशाच्या निम्म्या वेगाने गरगरत असावं असं गणित निघालं.

हिशेबात ऊर्जाही कमी भरते. अर्ध्या सूर्याएवढा वायू आत पडला आणि त्याचा दहावा हिस्सा ऊर्जा म्हणून बाहेर आला असं धरलं, तर जे यायला हवं त्याचा शंभरावा भागसुद्धा दृश्य आणि अतिनील प्रकाशात जेमतेम मोजला जातो. काही भाग आपल्याला न दिसणाऱ्या तीव्र अतिनीलमध्ये जात असेल. काही वायू आत पडतच नसेल. आणि काही प्रकाश वर्षानुवर्षं मंदपणे निघत राहत असेल. हे शेवटचं तर दिसलंच आहे. भडका विझल्यावर अनेक ठिकाणी अतिनील प्रकाश जुन्या पातळीवर परत येत नाही, थोड्या वरच्या पातळीवर वर्षानुवर्षं सपाट राहतो. ती चकती, उघडी पडलेली. तिच्या तेजावरून कृष्णविवराचं वस्तुमान बऱ्यापैकी काढता येतं. म्हणजे बातम्यांत गाजतो तो भडका, आणि मोजमापाला उपयोगी पडतं ते पाच वर्षांनंतरचं कंटाळवाणं सपाट पठार. तेव्हा दुर्बिणीचा वेळ मागायला गेलं की समिती विचारते, आता तिथे काय उरलंय?

अपवादांनी तर आमची झोप उडवली आहे. २८ मार्च २०११ रोजी स्विफ्टला गॅमा-किरणांचा स्फोट वाटला तो दिवसच्या दिवस थांबेना. स्विफ्ट जे१६४४+५७ असं नाव मिळालेल्या या घटनेत वायूचा झोत जवळपास प्रकाशाच्या वेगाने नेमका आपल्या दिशेला सुटला होता. साधारण दीड वर्षाने क्ष-किरण एकाएकी बंद पडले, नळ बंद करावा तसे. फेब्रुवारी २०२२ मधली एटी२०२२सीएमसी तशीच, साडेआठशे कोटी प्रकाशवर्षं दूरची. असे झोत शंभरात एखाद्याच घटनेत दिसतात. याच्या नेमकं उलट एटी२०१८एचवायझेड. सुरुवातीला रेडिओत काहीच नाही, लोकांनी यादीतून नाव काढलं, आणि अडीच-तीन वर्षांनी ती रेडिओत झपाट्याने उजळायला लागली. उशिरा सुटलेला वायू प्रकाशाच्या निम्म्या वेगापर्यंत धावत असावा, किंवा आपल्याकडे नव्हे तर बाजूच्या दिशेला सुटलेला झोत पसरत पसरत आता आपल्याला दिसायला लागला असावा. त्यानंतर जुन्या घटनांकडे पुन्हा रेडिओ दुर्बिणी वळवल्या, तर उशिरा जागे होणारे बरेच निघाले. मधली वर्षं कोणी पाहिलंच नव्हतं.

एटी२०१९क्यूआयझेड ही २१.५ कोटी प्रकाशवर्षांवरची घटना मला सर्वांत लाडकी. २०१९ मध्ये तारा फाटला, भडका झाला, विझला. चार वर्षांनी, २०२३ मध्ये, तिथून क्ष-किरणांचे ठोके यायला लागले, दर ४८ तासांनी एक. फाटलेल्या ताऱ्याची चकती पसरत गेली आणि आधीपासूनच जवळून फिरणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी, ताऱ्याच्या किंवा लहान कृष्णविवराच्या, वाटेत आली. प्रत्येक फेरीत तो तिला भोकसून जातो, असं सध्याचं सर्वांत पटणारं चित्र आहे. एटी२०२२डीबीएलमध्ये तर सुमारे ७०० दिवसांच्या अंतराने दोन जवळजवळ हुबेहूब भडके झाले. म्हणजे पहिल्या वेळी तारा वाचला होता, फक्त सोलला गेला होता. मग आपण ज्यांना ‘तारा नष्ट झाला’ म्हणत आलो त्यांतल्या किती जणांचे गाभे अजून फिरताहेत, हा प्रश्न सरळ उभा राहतो. आणि जागेच्या ज्या चाळणीचं वर कौतुक केलं, तिलाही धक्का बसला आहे. एटी२०२४टीव्हीडी ही घटना दीर्घिकेच्या केंद्रापासून सुमारे २६०० प्रकाशवर्षं बाजूला निघाली. तिथे एक भटकं महाकाय कृष्णविवर आहे आणि केंद्रात दुसरं, त्याहून कितीतरी मोठं. ‘बरोबर मध्यावर’ ही अट काटेकोर पाळली असती तर ती आपण गमावलीच असती.

धुळीचंही एक वाक्य. एआरपी २९९ या दोन आदळत्या दीर्घिकांमध्ये २००५ साली अवरक्तात एक भडका सापडला. दृश्य प्रकाशात शून्य, सगळं धुळीने गिळलेलं. तो सुपरनोव्हा नव्हता हे सिद्ध व्हायला २०१८ उजाडलं, तेही रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने तिथला झोत वर्षागणिक लांबत जाताना प्रत्यक्ष पाहिल्यावर. अशा झाकलेल्या घटना किती असतील, याचा विचार दर मोजणीच्या वेळी मनात आला पाहिजे.

आता तुमची दुर्बीण. असॅसिन-१४एलआय शोधणारं सर्वेक्षण कसल्या दुर्बिणींवर चालतं माहीत आहे? १४ सेंटीमीटर व्यासाच्या, कॅमेऱ्यांच्या तयार टेलिफोटो भिंगांवर. जगभर पसरलेल्या अशा भिंगांच्या जोरावर त्यांनी कितीतरी जवळच्या घटना मोठ्या दुर्बिणींच्या आधी गाठल्या. जवळच्या घटना १६-१७ प्रतीपर्यंत चढतात (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका ठिपका उजळ). वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या दुर्बिणीला, चांगला कॅमेरा आणि अंधारं आकाश असेल तर, अर्ध्या-पाऊण तासाच्या साठवलेल्या फोटोंत ते आवाक्यात आहे. डोळ्याने मात्र काही दिसणार नाही, ती आशा सोडा.

शोध लावायच्या मागे लागू नका, त्यात यंत्रांशी हरणार. नव्या ठिपक्यांच्या जाहीर नोंदी सगळ्यांना पाहता येतात. त्यांत ज्याचा वर्णपट घेऊन ‘टीडीई’ (फाटलेल्या ताऱ्याच्या घटनेचं इंग्रजी लघुरूप) असं वर्गीकरण झालेलं आहे आणि जो १७ प्रतीपेक्षा उजळ आहे असा एक निवडा आणि त्याच्यामागे महिनोन् महिने राहा. दोन फिल्टर, निळ्याकडचा एक आणि तांबड्याकडचा एक. आठवड्यातून दोनदा पुरे. प्रत्येक वेळी तेच तुलनेचे तारे, शक्यतो सारखंच एक्स्पोजर. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिल्या प्रतिमा दाखवल्या. तिचा ८.४ मीटरचा आरसा आणि ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा दूरच्या, अंधुक घटना हजारोंनी देईल. पण १६-१७ प्रतीचा ठिपका तिला फार तेजस्वी पडतो, पिक्सेल भरून वाहतात. ज्या घटना जवळच्या म्हणून सर्वांत मोलाच्या, त्यांच्या उजळ दिवसांची नोंद लहान दुर्बिणींनीच ठेवायची आहे.

तुमची मुख्य अडचण असेल दीर्घिकेचा स्वतःचा उजेड. केंद्रातला ठिपका मोजताना तोही मोजला जातो आणि भडका असतो त्यापेक्षा लाल आणि संथ वाटतो. नवखे लोक जुन्या सर्वेक्षणातली प्रतिमा उतरवून ती वजा करतात आणि फिल्टर न जुळल्यामुळे गोत्यात येतात. त्यापेक्षा भडका विझेपर्यंत थांबा आणि साधारण वर्ष-दीड वर्षाने, दीर्घिका पुन्हा रात्रीच्या आकाशात उंच आली की, त्याच दुर्बिणीने, त्याच दोन फिल्टरांतून, आकाश सर्वांत स्थिर असलेल्या रात्री तिची एक खोल प्रतिमा घ्या. आधीच्या सगळ्या प्रतिमांतून तीच वजा करायची आहे, त्यामुळे मधल्या काळात कॅमेरा बदलू नका.